सहा फुटी स्वयंपाकघराचा ओटा

इंदूबाई ठमके ओट्याचं माप घ्यायला येतात तेव्हा आधी भिंतीला टेप लावत नाहीत. घरात जी बाई रोज स्वयंपाक करते तिला समोर उभं करतात, चप्पल काढायला लावतात आणि कोपर वाकवायला सांगतात. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरतात आणि त्यातून चार बोटं वजा करतात. तेवढी ओट्याची उंची.

"साऱ्या मिस्त्रीयचा ओटा बत्तीस इंचाचा," त्या मला म्हणाल्या होत्या. "बाया काय साच्यातून काढल्या हाये का?"

मी तेव्हा मारेगावला शाळेत शिकवत होते. आमच्या घरी त्यांनी ओटा बसवला त्याला बरीच वर्षं झाली. सिमेंट ओढून घेईपर्यंत त्या दोन दुपारी पडवीत बसून होत्या, आणि त्यांची हकीकत मला तेव्हा त्यांच्याच तोंडून कळली. काही गोष्टी नंतर मारेगावच्या दवाखान्यातल्या विमलताई सिस्टरांनी सांगितल्या. इंदूबाईंचं ओट्यांचं कामही मुळात विमलताईंच्या घरापासून सुरू झालेलं.

इंदूबाईंचं माहेर केळापूरकडचं. लग्न होऊन त्या मारेगावजवळच्या एका खेड्यात आल्या. नवरा देवराव मिस्त्री. देवराव लहानपणी वणीकडच्या खदानीत गिट्टी फोडायचे, मग पायव्याचे दगड घडवायला शिकले, मग फरशी बसवायला. हात फार सफाईचा. दोन फरश्यांमधली फट त्यांना नखाने कळायची. इंदूबाई पावसाळ्यात निंदणाला जात, दिवाळीनंतर कापूस वेचायला, आणि उन्हाळ्यात नवऱ्याच्या हाताखाली रेजा म्हणून सिमेंटचा मसाला आणि विटा वाहत. मुलगी एकच, उर्वशी.

आमच्याकडे बांधकामाचं वर्ष कापसावर चालायचं. कापूस घरातून गेला की लोक पाया खणत, कोणी खोली वाढवी, कोणी शेणाची जमीन काढून फरशी टाकी. फाल्गुन-चैत्रात देवरावांना श्वास घ्यायला फुरसत नसे. मग ती वाईट वर्षं आली. बोंड धरेना, धरलं तर भाव राहीना. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग असायचे तिथे बकऱ्या फिरू लागल्या. गावात कोणी पाया खणेना. अर्धी उभी राहिलेली भिंत तशीच पावसात भिजू लागली. इंदूबाईंची वेचणी निम्म्यावर आली आणि देवरावांची थापी सहा महिने पिशवीतून निघाली नाही.

दोन हजार चारमध्ये देवराव यवतमाळला गेले. शहरात तेव्हा ग्रॅनाइटची लाट आली होती. नोकरदारांच्या घरी, दवाखान्यांत, दुकानांच्या पायऱ्यांना, सगळीकडे ग्रॅनाइट. एका शेडमध्ये त्यांना कापायचं काम मिळालं. टिनाची शेड, तिन्ही बाजू बंद, आत पाच माणसं आणि पाच मशिनी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरडा दगड कापायचा. शनिवारी ते एसटीने घरी येत, तेव्हा त्यांच्या भुवया आणि कानातले केससुद्धा पांढरे असत. इंदूबाई हसायच्या, म्हणायच्या, "म्हातारे होऊन आले." ते हसणं आपल्याला नंतर फार बोचलं, असं त्या मला म्हणाल्या.

दीड वर्षात खोकला लागला. टीबी असेल म्हणून कोणी गोळ्या दिल्या. सहा महिने घेतल्या, उतार पडला नाही. पुन्हा दिल्या. देवराव शहरातलं काम सोडून घरी आले. चालताना मध्येच थांबून चपलेचा अंगठा नीट करत. अंगठा तुटलेला नसायचा.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत विमलताई सिस्टरांचा निरोप आला. मारेगावात त्यांचं सासरचं घर. यजमान केळापूरकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक, आठवड्याने घरी येणारे. त्या वर्षी दिरासोबत वाटणी झाली होती. जुन्या घराच्या मधोमध भिंत घातली गेली आणि विमलताईंच्या वाट्याला जी मागची खोली आली ती बोळासारखी होती. रुंदी सहा फूट, लांबी अकरा. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीपलीकडे दिराचं अंगण, तिकडची वाट बंद. खोलीत यायला बाहेरच्या पडवीतून एक अरुंद बोळी, आणि बोळीतून काटकोनात वळून दार.

"यात मला उभ्यानं स्वयंपाक करता आला पाहिजे," विमलताई म्हणाल्या. "दिवसभर दवाखान्यात उभी असते, घरी येऊन खाली बसले की मग उठवत नाही."

घरात त्यांची सासू होती. सत्तरीची, गुडघ्यांनी गांजलेली. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली आणि मिस्त्री व त्यांची बायको स्वयंपाकघरात पाय ठेवताना पाहत राहिली. तिने आतला पाण्याचा माठ आधीच उचलून मधल्या खोलीत नेऊन ठेवला होता. विमलताई ड्युटीवर गेल्या की चहा येई तो कान तुटलेल्या कपात. तो कप पडवीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. देवराव म्हणत, "मी चहा सोडला, माय." इंदूबाई पीत. त्यांना चहाची तलफ होती, आणि कपाशी भांडत बसलं तर ओटा कधी बसणार होता?

देवरावांनी खडूने जमिनीवर आखणी केली. लांब भिंतीला बावीस इंच रुंद ओटा. समोरच्या भिंतीला डबे, मिक्सर, पोळपाट ठेवायला चौदा इंचांची पट्टी. मध्ये तीन फूट. "दोन बाया पाठीला पाठ लावून काम करू शकतात," ते म्हणाले. भांडी धुवायचं सिंक खिडकीच्या कोपऱ्यात, म्हणजे पाणी मागच्या भिंतीतून सरळ बाहेरच्या सामाईक नालीत.

इंदूबाई खडूच्या रेषेवर उभ्या होत्या. त्या सासूबाईंकडे पाहत होत्या.

"माय कुठं बसतील?" त्यांनी विचारलं.

कोणालाच कळलं नाही. विमलताईंनाही नाही.

"आता चूल खाली हाये म्हणून माय बसून भाजी चिरतात, डाळ निवडतात. ओटा झाला का खाली जागाच राहत नाही. मंग त्या काय मधल्या खोलीत एकल्या बसतील?"

विमलताईंनी सासूकडे पाहिलं आणि मग खडूच्या रेषेकडे. शेवटी असं ठरलं की ओटा खिडकीपर्यंत न्यायचा नाही. खिडकीखाली दीड फूट जागा सोडायची आणि तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गुडघ्याच्या उंचीचा बसका कट्टा करायचा. उजेडात बसून म्हातारीला डाळ निवडता येईल आणि सुनेशी बोलताही येईल. देवरावांनी खडू पुसून पुन्हा ओढला. ओटा साडेनऊ फुटांचा झाला.

"सारा एकच दगड टाकू, ताई," देवराव म्हणाले. "जोड दिसला नाही पायजे. यवतमाळात असा ओटा पाह्यला नसन कोणी."

इंदूबाई बोळीत गेल्या. परसात एक बांबू पडला होता. त्यावर टेपने साडेनऊ फूट मोजून त्यांनी खूण केली आणि बांबू घेऊन बोळीतून वळायला पाहिलं. वळला नाही. उभा तिरपा केला, तर छपराच्या आडव्या बल्लीला लागला.

"थो दगड वळणार नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काहून नाही वळणार?"

"बल्ली आडवी येते."

"बांबू वेगळा, दगड वेगळा. चार माणसं असली का दगड वळवता येते. तू कायले फिकर करतं?"

इंदूबाईंनी बांबू परसात परत टाकला. वीस वर्षं त्या मसाला वाहत होत्या, आणि दगडाबद्दलचा शब्द नवऱ्याचा असे. शिवाय कित्येक महिन्यांनी त्यांनी देवरावांचा चेहरा असा उजळलेला पाहिला होता. "म्या तवाच आडवी पडाले पायजे होती," असं त्या मला म्हणाल्या, पण ते म्हणतानाही त्यांच्या आवाजात नवऱ्यावर राग नव्हता.

दगड आला त्या दिवशी चार हमाल होते आणि फुलसिंग मिस्त्री मदतीला आले होते. फुलसिंग जवळच्या तांड्यावरचे, देवरावांचे जुने जोडीदार. काळा ग्रॅनाइट, पाण्यासारखा चकाकणारा. बोळीपर्यंत नीट आला. वळणावर पुढची बाजू वर उचलायला सुरुवात झाली. देवराव मागच्या टोकाला होते, कारण मागचं टोक सांभाळणाराच दगड फिरवतो. पुढून फुलसिंग ओरडले, "बल्ली लागली, थोडा मागं घ्या." देवरावांनी मागे घेतला. आणि तेवढ्यात त्यांना खोकला आला.

तो खोकला थांबलाच नाही. ते वाकले, हात सुटला, मागचं टोक जमिनीवर आपटलं आणि दगड मधोमध नाही, थोडा एका बाजूला, मोडला. मोठा आवाजही झाला नाही. इंदूबाई म्हणाल्या, वाळलेली काटकी मोडावी तसा वाटला. एका हमालाच्या पायाला खरचटलं. बाकी कोणाला काही झालं नाही.

देवराव बोळीत खाली बसले. दगडाकडे पाहत नव्हते. तोंडावर रुमाल होता.

विमलताई नेमक्या जेवायला घरी आल्या होत्या. त्या दगड ओलांडून आल्या आणि देवरावांच्या पाठीवर तळहात ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या.

"देवरावभाऊ, हा खोकला कधीपासून आहे?"

"होते दीड-दोन साल. टीबीच्या गोळ्या खाल्ल्या ना, ताई. दगडाचं मी पाहून घेतो."

"दगडाचं नंतर. टीबी म्हणून कोणी सांगितलं? थुंकी तपासली होती?"

तपासली होती. काही निघालं नव्हतं. तरी गोळ्या दिल्या होत्या.

दोन दिवसांनी विमलताई रजा काढून त्या दोघांना यवतमाळला घेऊन गेल्या. छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो खिडकीच्या काचेला लावून बराच वेळ पाहिला.

"काम काय करता?"

"मिस्त्री हावो, साहेब."

"कसलं मिस्त्रीकाम?"

"दगड कापतो. फरशी, ग्रॅनाइट."

"पाणी टाकून कापता की कोरडा?"

"कोरडाच. पाण्यानं रेघ दिसत नाही."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, असं इंदूबाई म्हणाल्या. नाव विचारलं, गाव विचारलं, बिडी ओढता का विचारलं. काम कोणी विचारलं नाही.

त्यांनी समजावून सांगितलं ते एवढंच, की दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे. ती बाहेर निघत नाही. फुप्फुस जिथे जिथे तिला धरून बसतं तिथे ते घट्ट होतं. खोकल्याला, धापेला औषध देता येईल, धूळ काढायचं औषध नाही. यापुढे मशीन हातात धरायची नाही.

परतीच्या एसटीत देवराव खिडकीशी बसले होते. बाहेर कापसाची पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली, शेतं मोकळी. जोडमोह्याच्या पुढे गेल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"ताईचा ओटा तसाच पडला हाये."

विमलताई पुढच्या सीटवर होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "राहू द्या हो आता ओटा."

"नाही," इंदूबाई म्हणाल्या. "म्या करतो."

वऱ्हाडात बायाही असं 'करतो' म्हणतात. पण विमलताईंना क्षणभर वाटलं की देवरावच बोलले.

ओटा करायचा म्हणजे काय, हे इंदूबाईंना बघून ठाऊक होतं, हाताने नव्हतं. मोडलेले दोन तुकडे पडवीत उभे करून ठेवले होते. त्यांनी टेप लावला. तुटलेल्या कडा सरळ कापून टाकल्या तर एक तुकडा बासष्ट इंचांचा राहत होता, दुसरा चौतीसचा. दोन्ही मिळून शहाण्णव. हवे होते एकशे चौदा. म्हणजे अठरा इंच कमी. त्या रात्रभर आकड्यांशी झगडल्या असं काही झालं नाही. त्यांनी सकाळी सिंककडे पाहिलं. स्टीलचं सिंक कोपऱ्यात आणून ठेवलेलं होतं. त्याची रुंदी अठरा इंच होती.

त्या तशाच घरी गेल्या. देवराव खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"सिंक मधात घेतलं तं?" इंदूबाईंनी विचारलं. "दाराकडून लहान तुकडा, मंग सिंक, मंग मोठा तुकडा. जोड कुठं दिसतच नाही. सिंकच्या पुढं-मागं पट्ट्या टाकू."

देवरावांनी डोळे मिटले. ते मनातल्या मनात ते स्वयंपाकघर चालत होते.

"पाणी कुठून काढशीन? मधातून मागच्या भिंतीलोक पाइप लंबा पडते. तुंबन."

"ओट्याखालून नेतो, मंग कट्ट्याच्या आतून भाइर. उतार किती देऊ?"

"हातभर पाइपाले एक बोट. कमी देऊ नको." थोडं थांबून ते म्हणाले, "आन पाइपाचं तोंड उघडता आलं पायजे. कट्ट्याले समोरून एक फरशी मोकळी ठेव. पक्की करू नको."

पुढचे चार दिवस असंच चाललं. सकाळी इंदूबाई जाऊन जेवढं येतं तेवढं करत, अडलं की संध्याकाळी विचारून येत. दगडाखाली आधाराला उभ्या कडप्प्याच्या पट्ट्या कुठे कुठे द्यायच्या, सिंकच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीची कशी द्यायची, पाण्याची नळी धरून दोन टोकं एका पातळीत कशी आणायची. नळीतलं पाणी हलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून पाहायचं, हे देवरावांनीच शिकवलं. सांगताना त्यांना धाप लागे. मग ते नुसता हात वर-खाली करत, आणि इंदूबाईंना कळे.

दगडाच्या कडा कापायची वेळ आली तेव्हा विमलताईंनी एक अट घातली. कोरडा कापायचा नाही, तोंडाला ओला फडका बांधायचा, आणि पात्यावर सतत पाणी. इंदूबाईंनी तुकडे परसातल्या कडुनिंबाखाली लाकडांवर ठेवले. फुलसिंगांनी मशीनची वायर कोरड्या जागी वरून टांगून दिली आणि पायाखाली रबराचा तुकडा टाकला. पण पाणी कोणी टाकायचं? फुलसिंगांना दुसरीकडे जायचं होतं. विमलताई ड्युटीवर.

म्हातारी पडवीतून उठली. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत परसात आली, बादलीजवळ पालथ्या पाटीवर बसली आणि लोटा हातात घेतला.

"कुठं टाकू?" तिने विचारलं.

"रेघीवर, माय. बारीक धार."

दुपारभर ती धार धरून बसली. पाणी पडलं की धूळ उडत नाही, काळा चिखल होऊन खाली गळते. रेघ खरंच दिसत नव्हती. इंदूबाई दर वितीला मशीन बंद करत, चिखल पुसत, रेघ पाहत, पुन्हा सुरू करत. देवराव जे काम अर्ध्या तासात करत त्याला संध्याकाळ झाली. पहिली कड थोडी लहरी निघाली. ती बाजू त्यांनी भिंतीकडे घेतली.

मी त्यांना विचारलं, त्या दिवसानंतर कप बदलला का. इंदूबाई म्हणाल्या, नाही, कप तोच राहिला. पण म्हातारीनं साखर वाढवली.

तुकडे बसवायला फुलसिंग आले. त्यांनी आधी कडप्प्यांवर नळी फिरवून पाहिली आणि तिसऱ्या पट्टीपाशी थांबले. पट्टी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली होती. "दगड टाकल्यावर मसाल्यात निघून जाईन," ते म्हणाले. "कोणाले दिसते?" इंदूबाईंनी ती पट्टी काढली, खालचा मसाला खरवडला आणि पुन्हा बसवली. फुलसिंग तेवढा वेळ दारात बसून राहिले. मोठा तुकडा उचलताना ते इंदूबाईंना म्हणाले, "वयनी, मागचं टोक तुमी धरा." वळणावर तो तुकडा बल्लीखालून सहज निघाला.

विमलताईंचं कोपर मोजून उंची चौतीस इंच आली होती. विमलताई उंच आहेत. संध्याकाळी दवाखान्यातून येऊन त्यांनी दोन्ही तळवे नव्या ओट्यावर ठेवले आणि वाकावं लागत नाही असं लक्षात आल्यावर काही वेळ तशाच उभ्या राहिल्या.

आठवड्याने देवराव पाहायला आले. फुलसिंगांनी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं. ते बोळीतून आत शिरले, दगड मोडला त्या जागी पाहिलं नाही, आणि सरळ जाऊन खिडकीखालच्या कट्ट्यावर बसले. धाप निवल्यावर त्यांनी ओट्यावरून नख फिरवलं. मग हात ओट्याच्या खाली घातला, जिथे कोणी पाहत नाही, आणि कडप्पा व दगड जिथे टेकतात ती जागा बोटांनी चाचपत गेले.

"इथं मसाला भरला नाही," ते म्हणाले. "पोकळ हाये. इथं मुंग्या करतीन."

इंदूबाईंनी वाकून पाहिलं. खरंच पोकळ होतं. त्यांनी तिथल्या तिथे सिमेंट कालवलं आणि पाठीवर निजून, खालून ती फट भरली. देवराव वरून बोटाने जागा दाखवत राहिले. इंदूबाई म्हणाल्या, आमचं ते शेवटचं सोबतीचं काम.

पावसाळा कसाबसा निघाला. त्या वर्षी जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची विचारपूस करणारी माणसं पुष्कळ फिरत होती, हातात कागद, गळ्यात कॅमेरे. आमच्या शाळेतही दोघं येऊन गेले. ते सातबारा विचारत. देवरावांकडे सातबारा नव्हता, त्यामुळे त्यांच्या दारापाशी कोणी थांबलं नाही. थंडी सुरू झाली तसं त्यांना निजता येईना. बसून, पुढे उशी घेऊन, तिच्यावर डोकं टेकून ते डुलकी काढत. जानेवारीत एका सकाळी उर्वशीने पाणी तापवून आणलं तेव्हा ते तसेच उशीवर टेकलेले होते. वय सत्तेचाळीस.

विहारात वंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने आली आणि गेली. विमलताई आल्या होत्या. फुलसिंग दोन दिवस तिथेच होते. जलदान विधी झाल्यावर इंदूबाईंनी देवरावांची हत्यारं काढली, पुसली आणि पिशवीत पुन्हा भरून ठेवली. विकायची का, म्हणून एकाने विचारलं होतं. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

काम विमलताईंच्या ओट्यावरून मिळत गेलं. दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टर, मग ग्रामसेवकांच्या घरी, मग शाळेतल्या बाया. पुरुष म्हणत, बाईच्या हातचा ओटा टिकेल का? बाया म्हणत, कोपर मोजते ती. पण दरवेळी जमलं असं नाही. पांढरकवड्याच्या एका ठेकेदाराने त्यांना मोठ्या कामावर बोलावलं होतं, दहा घरांचे ओटे. त्यांनी पाण्याची अट सांगितली. तो म्हणाला, बाई, अशानं दिवाळी उजाडेल, आमच्या माणसांना सवय आहे. तिथे तीन पोरं मशिनी घेऊन बसली होती, भुवया पांढऱ्या. इंदूबाई त्यांच्यापाशी गेल्या आणि देवरावांचं सगळं सांगितलं, फोटोपासून उशीपर्यंत. पोरांनी मशीन बंद करून ऐकलं. एकाने विचारलं, "मंग मावशी, आमी काय कराव?" त्या म्हणाल्या, पाणी टाका. तो म्हणाला, ठेकेदार टाकू देत नाही. त्या परत आल्या. मला हे सांगताना त्या ओल्या सिमेंटवरून उगाच फडकं फिरवत बसल्या.

एक गोष्ट विमलताई त्यांना दोन वर्षं सांगत होत्या आणि त्या टाळत होत्या. देवराव दगड कापत तेव्हा दगड धरून बसणाऱ्या इंदूबाईच असत. शेडमध्ये त्या नव्हत्या, पण त्याआधीची पंधरा-वीस वर्षं, प्रत्येक उन्हाळा, त्या त्याच धुळीत होत्या. त्यांनाही पायऱ्या चढताना थोडं थांबावं लागत होतं. "वय झालं," त्या म्हणत. चाळीस-बेचाळीस वय.

आमचा ओटा अर्धा झाला होता तेव्हाच त्यांनी एक दिवसाची सुट्टी मागितली. कशासाठी ते सांगितलं नाही. मला वाटलं, उर्वशीच्या कॉलेजचं काही काम असेल. ती तेव्हा यवतमाळला शिकत होती. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत टेप आणि थापीच्या मागे मोठं तपकिरी पाकीट होतं.

"काढला फोटो," त्या म्हणाल्या. "उर्वशीनं हात धरून नेलं."

मी विचारायला घाबरत होते. त्यांनीच पाकिटातून फोटो काढला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला धरला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. दोन्ही बाजूंना, वर, बारीक बारीक ठिपके होते.

"थोच डॉक्टर होता. वयखलं त्यानं. म्हणे, हाये, पण थोडं हाये. धूळ बंद ठेवली तं पुष्कळ वर्सं निघतीन. दरसाल येऊन दाखवा म्हणे."

"मग आता?"

"जातो ना दरसाल."

त्यांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत. तोंडाला फडकं बांधायच्या आधी त्यांनी बादलीतलं पाणी पाहिलं. निम्मं होतं.

"बाई, अजून एक बादली लागन," त्या म्हणाल्या. "आन धार धराले तुमीच बसा. सिंकची पट्टी कापाची हाये."

मी पाटावर बसले आणि लोटा घेतला.